रविवारी पाणबुडी चार्जिंगला लावायच्या आधी

मंडळी, रविवारी आपल्या एकट्या माणसाच्या पाणबुडीच्या बॅटऱ्या पहिल्यांदा फुल चार्ज करायच्यात, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, म्हणून काय काय तयार पाहिजे ते एकदाच लिहून टाकतो, नाहीतर ऐनवेळी सगळे मलाच फोन करत बसता. उजनी, परवानगी वगैरे नंतर बघू. सगळ्यांना पाण्याखालची धास्ती आहे, पण हायड्रोजनची भानगड होते ती जमिनीवरच, चार्जर लावला की.

आधी हिशोब बघा. बॅटरी भरत आली की पुढचा करंट बॅटरीतलं पाणी फोडण्यातच जातो, आणि १ अँपिअर तासाला एका सेलमधनं साधारण ०.४५ लिटर हायड्रोजन निघतो. आपल्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या म्हणजे २४ सेल, शेवटी ५ अँपिअर चालू राहिला तर तासाला ५४ लिटर. पॉडमध्ये (बॅटऱ्यांचे बंद डबे) बॅटऱ्या ठेवून मोकळी हवा उरते ८० लिटरच्या आसपास, आणि हवेत ४ टक्के झाला की हा गॅस पेट घेतो. म्हणजे झाकण बंद असेल तर चार मिनिटं पण लागत नाहीत! १ टक्क्याच्या आत ठेवायचा तर मिनिटाला ९० लिटर हवा खेळती पाहिजे, आपण दुप्पट धरू.

म्हणून दोन्ही पॉडची झाकणं उघडी, माणूस बसतो तिकडचं हॅच पण उघडं. ब्लोअर हवा आत ढकलणारा, खेचणारा नाही, कारण मोटरच्या ब्रशची ठिणगी गॅसच्या वाटेत यायला नको. पाइप पॉडच्या तळाशी सोडा आणि बाहेर जायची वाट सगळ्यात वर ठेवा, हायड्रोजन हवेच्या चौदा पट हलका, तो पत्र्याखाली आढ्याला जाऊन बसतो, त्यामुळं वरच्या खिडक्या पण सकाळीच उघडायच्या.

ब्लोअर बंद पडला तर चार्जर आपोआप तुटला पाहिजे, त्यासाठी कॉन्टॅक्टर (चार्जरची लाइन तोडणारा स्विच) आणि हवेच्या दाबावरचा स्विच शनिवारी बसवून ठेवा. आणि लाइट जाऊन परत आली तर चार्जर स्वतःहून चालू होता कामा नये, हातानं बटण दाबल्याशिवाय नाही. सोलापूरची लाइट तुम्हाला माहितीच आहे.

उन्हाचं पण धरा. शेडमध्ये ४० डिग्री असेल तर चार्जर १४.४ व्होल्टवर ठेवायचा नाही, १४.१ वर आणा, गरम बॅटरी त्याच व्होल्टेजला जास्त गॅस सोडते. हायड्रोजनला वास नसतो, नाकावर भरवसा नको, मीटर आदल्या दिवशीच चालू करून ठेवा. सडक्या अंड्याचा वास आला तर तो वेगळा गॅस, सेल खराब झालाय, चार्जर बंद करून बाहेर या. आणि मीटरजवळ सिलिकॉन लावू नका, त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो आणि आकडा मस्त शून्य दाखवत राहतो.

धूळ नको म्हणून कोणीतरी बॅटऱ्यांवर चादर टाकेल, आपल्या गावात चादरीला कमी नाही, पण ती टाकायची नाही. पुसायला टॉवेल ओला, कोरड्यानं स्टॅटिक होतं. पाने टेप गुंडाळलेले, अंगठी-घड्याळ काढून, खायचा सोडा आणि पाण्याच्या दोन बादल्या हाताशी. नारळ फोडा, पण कापूर-उदबत्ती गेटवर. वॉचमन मामांची बिडी पण तिकडंच, मी सांगतो त्यांना.

क्लिप काढताना आधी चार्जर बंद, मग क्लिप. मी लूमच्या शेडमध्ये इन्व्हर्टरच्या बॅटरीला उलटं केलं होतं, फट्कन झाकण उडालं, डोळे वाचले, शर्टाला काही झालं नाही असं वाटलं आणि धुतल्यावर अ‍ॅसिडनं चाळण झाली. नौदलाच्या सिंधुरक्षकला २०१० मध्ये विशाखापट्टणमला आग लागून एक नौसैनिक गेला, कारण निघालं बॅटरीच्या बिघडलेल्या व्हॉल्व्हमधनं गळालेला हायड्रोजन. तिथं एवढी शिस्त असून असं होतं, आपण तर चहा पित काम करणारी माणसं.

चार्जिंग संपलं तरी बुडबुडे येतच राहतात, म्हणून रात्रभर झाकणं उघडी आणि ब्लोअर चालू. सोमवारी सकाळी सहाला मी येऊन मीटर बघतो, तोपर्यंत कोणी बोल्ट कसू नका.