पुरेसं म्हणजे किती ते आधी कागदावर काढा, मग देताना हात थरथरत नाही

आपल्या सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतंय हे काय नवीन सांगायला नको, पण त्यामुळं एक हिशेब आपल्या घराघरात पाठ असतो, पुढचं पाणी येईपर्यंत आपल्याला किती लागतंय. दोन बॅरल, एक हौद, आणि प्यायच्या सहा घागरी, आमचं असं होतं. तेवढं भरलं की आई भिंतीवरनं हाक मारायची, "काकू, आमचं झालं बघा, पाईप घ्या तिकडं," आणि पाईप देताना तिला कधी धाकधूक वाटली नाही कारण तिला आकडा माहीत होता. पैशाचा असा आकडा मात्र आपल्याकडं नसतोच, म्हणून पगार वाढला तरी भीती तेवढीच राहते आणि कुणी मागायला आलं की एकतर भिडेपोटी नको तेवढं देऊन बसतो नाहीतर दारच लावून घेतो.

मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, कामगारांच्या उचली रोज बघते, त्यामुळं हे सगळं मनापासून सांगतेय.

तर पहिल्यांदा तीन महिने खर्च लिहा. ॲप वगैरे काही नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा टाकला तरी चालतंय. इथं सगळेजण एक चूक करतात, किराणा, दूध, लाईट बिल, गॅस एवढंच धरतात, आणि वर्षातनं एकदा येणारं विसरतात. जूनची शाळेची फी, वह्या-पुस्तकं, दिवाळी, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला लेकी-जावई येतात तो खर्च, घरपट्टी, गाडीचा इन्शुरन्स, लग्नसराईतले आहेर. हे सगळं एका कागदावर लिहून बेरीज करा आणि १२ नं भागा. समजा महिन्याचा खर्च २२,००० आहे आणि ही वर्षाची बेरीज ३६,००० निघाली, म्हणजे महिन्याला अजून ३,०००, तर तुमचा खरा खर्च २५,००० आहे, २२,००० नाही. बरीच घरं या ३,००० पायीच कर्जात जातात, मी डोळ्यांनी बघितलंय.

आता २५,००० गुणिले सहा, दीड लाख. हा तुमचा हौद. बांधलेला पगार असेल तर सहा महिने बास आहेत, पण यंत्रमागावर, विडीवर, रिक्षावर पोट असेल तर आठ-नऊ महिन्यांचं धरा, कारण पीसवर मजुरी असली की काम नाही त्या दिवशी पैसा नाही. या खर्चाच्या वर महिन्याला ३,००० बाजूला टाकले तर दीड लाखाला चार वर्षं लागतात, थोडी जास्तच, हे ऐकून पुष्कळजण तिथंच सोडून देतात. सोडू नका ओ. पहिलं टप्प्याचं बघा, एका महिन्याचे २५,०००, ते आठ-नऊ महिन्यांत होतात आणि तेवढ्यानंसुद्धा रात्री झोप लागते.

हे पैसे ठेवायचे कुठं, तर बँकेत, थोडे बचत खात्यात आणि बाकीची छोटी छोटी एफडी, म्हणजे गरज पडली तर एकच मोडता येते. बँकेत एका माणसाच्या एका बँकेतल्या ठेवींना व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० पासून ही मर्यादा आहे, आणि सहकारी बँकांनाही ती लागू आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नसतं. नाव सारखं वाटतं, कॅशियर ओळखीचा असतो, व्याज एक-दोन टक्के जास्त असतं, म्हणून माणसं फसतात. भिशी मोडीत काढा असं मी म्हणणार नाही, फ्रिज घ्यायला, सोनं घ्यायला भिशी चांगली, पण अडीअडचणीचा पैसा भिशीत नको, कारण अडचण तुमचा नंबर लागायची वाट बघत नाही.

आणि सरकारी विमा घेतला असेल तर मे महिन्याच्या शेवटी खात्यात हजारभर रुपये राहू द्या. अपघात विम्याचे २० रुपये आणि जीवन ज्योती विम्याचे ४३६, दोन्ही प्रधानमंत्री योजना, वर्षाचे असे कापून जातात आणि प्रत्येकी २ लाखांचं कवच मिळतं. शिल्लक नसली की हप्ता जात नाही आणि घरच्यांना ते भलत्याच वेळी कळतं.

आता देण्याचं. हौद भरल्यावर देऊ असं म्हणू नका, पहिल्या महिन्यापासून द्या, पण ठरवून. आई ज्वारी दळायला काढताना दर वेळी एक मूठ बाजूच्या पितळी डब्यात टाकायची, त्या डब्याला घरात कुणी हात लावायचं नाही, जमेल तेवढी ज्वारी कुठल्यातरी घरी गुपचूप जायची. आमच्या हातात पैसा कमी होता पण आई विड्या वळायला बसली असताना दारात आलेलं माणूस रिकामं गेलं नाही. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या गावात कायक आणि दासोह हे शब्द लहानपणापासून कानावर असतात, कष्टानं कमवायचं आणि त्यातलं वाटायचं, बाराव्या शतकातली शिकवण आहे ही, आणि त्यात "श्रीमंत झाल्यावर" अशी अट कुठं नाही. तर तसाच पैशाचा एक डबा करा, २५,००० मधले ५०० टाका, जमेल तसे वाढवा. अक्कलकोटच्या अन्नछत्राला द्या, गल्लीतल्या पोरीच्या फीला द्या, तुमच्या मनाला पटेल तिथं.

फी द्यायची असेल तर शाळेत जाऊन पावती फाडा आणि पावती आईच्या हातात द्या, पोरीच्या नाही, तिला वर्गात मान खाली घालायला लागू नये. किराणा द्यायचा तर दुकानदाराला सांगून ठेवा. फोटो काढू नका. मोठ्या संस्थेला देणार असाल आणि जुन्या पद्धतीनं टॅक्स भरत असाल तर २,००० च्या वरची रक्कम रोख देऊ नका, सूट मिळत नाही.

हातउसन्याचं मात्र नीट ऐका. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मी एका नातेवाइकाला ४०,००० दिले, भिडेपोटी, आमच्याकडं तेव्हा हौद कसला, घागरभरसुद्धा नव्हतं. सहा महिन्यांत सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं आणि माझ्या पाटल्या गहाण गेल्या. त्यांनी पैसे बुडवले नाहीत, वीस महिन्यांत दोन-दोन हजार करत फेडले, पण तेवढ्या काळात दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, आणि मला पाटल्यांपेक्षा त्याचंच वाईट वाटतं. तेव्हापासून मी उसने देत नाही, डब्यात जेवढे असतील तेवढे देऊन टाकते. कुणी २०,००० मागितले आणि डब्यात ३,००० असतील तर तोंडावर लगेच सांगते, "दादा, हे तीन हजार घ्या, परत करायचे नाहीत, बाकीचं मला जमणार नाही, पण बँकेत तुमच्यासोबत येते." उद्या बघते, ह्यांना विचारते, असं ताटकळत ठेवू नका, अडलेल्या माणसाला तो एक दिवस फार मोठा असतो.

दर संक्रांतीला, गड्डा भरतो तेव्हा, मी तो कागद परत काढते. खर्च वाढलेला असतो म्हणून हौदाचा आकडा बदलते, आणि पगार जेवढा वाढला त्यातला निम्मा हौदाला, थोडा डब्याला, उरलेला घरात. हौद दोन वर्षांपूर्वी भरला, तेव्हापासून त्याचे ३,००० मुलीच्या शिक्षणाच्या खात्यात आणि डब्यात वाटून जातात. डब्याच्या वहीत मी फक्त तारीख आणि रक्कम लिहिते, नावं लिहीत नाही.