पाइपची जाडी वाढलेली दिसते? वायरलेस अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरताना या चुका टाळा

हा सेन्सर पाइपमध्ये ध्वनी सोडतो आणि भिंतीच्या आतल्या बाजूवरून प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळेवरून जाडी काढतो. गंजणारा पाइप जाड होत नाही. तरी जाडीच्या आलेखात भिंत ०.१ मिमीने वाढलेली दिसते आणि लगेच सेन्सर खराब ठरवला जातो. आधी तापमान बघा. कार्बन स्टीलमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ५,९२० मीटर असतो. पाइप ५५ अंश सेल्सिअसने तापला की हा वेग सुमारे १ टक्क्याने उतरतो, प्रतिध्वनी उशिरा येतो आणि १० मिमीची भिंत १०.१ दिसू लागते. एवढी झीज व्हायला बऱ्याच लाइनींना वर्ष लागतं. म्हणजे लाइन हळूहळू तापत असेल तर वर्षाची खरी झीज आलेखात दिसणारच नाही. सेन्सरजवळच्या धातूचं तापमान प्रत्येक रीडिंगसोबत नोंदवा आणि सॉफ्टवेअरमधली तापमान-दुरुस्ती चालू आहे ना, ते तपासा.

रातोरात ०.६ मिमी घट दिसली तर? ५ मेगाहर्ट्झच्या सेन्सरवर हा आकडा ओळखीचा असतो. लहरीचं एक आवर्तन ०.२ मायक्रोसेकंदाचं, आणि जाण्यायेण्याच्या हिशेबाने ते ०.५९ मिमी होतं. आतला पृष्ठभाग खडबडीत झाला की प्रतिध्वनी विस्कटतो आणि सॉफ्टवेअर शेजारचं शिखर पकडतं. नुसत्या आकड्यावर शटडाउन मागू नका, जुना आणि नवा वेव्हफॉर्म (प्रतिध्वनीच्या लहरीचं चित्र) एकावर एक ठेवा. पण अलार्म पुसूनही टाकू नका, कारण विस्कटलेला प्रतिध्वनी आत खड्डे पडू लागल्याचं लक्षण असू शकतो.

रंगावरच सेन्सर बसवणं ही आळसाची चूक. रंगात ध्वनी निम्म्याहून कमी वेगाने जातो, त्यामुळे पहिल्याच प्रतिध्वनीवर मोजणाऱ्या सेन्सरला ०.३ मिमीचा थर जवळपास ०.७ मिमी स्टील वाटतो. जागा धातूपर्यंत घासा, नाहीतर दोन लागोपाठच्या प्रतिध्वनींमधला वेळ मोजणारी पद्धत निवडा. गरम लाइनवर सेन्सर आणि पाइपमधलं साधं जेल वाळून जातं, सिग्नल आठवड्यागणिक मंदावतो. तिथे दाबून बसणारा, वेव्हगाइड (ध्वनी पाइपपर्यंत नेणारी धातूची पट्टी) असलेला, जेल न लागणारा कोरडा सेन्सरच लावा.

सर्वांत महाग चूक जागेची आहे. सेन्सर आपल्या खालचा जेमतेम नाण्याएवढा भाग बघतो, आणि आपण सगळे सेन्सर एल्बोवर, म्हणजे पाइपच्या वळणावर लावून मोकळे होतो. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंड रिफायनरीत फुटला तो ८ इंची लाइनचा सरळ, ५२ इंच लांबीचा तुकडा. त्याच्या स्टीलमध्ये सिलिकॉन कमी होतं, म्हणून गंधकाच्या गंजाने तो शेजारच्या भागांपेक्षा कितीतरी वेगाने झिजला होता. जुन्या कार्बन स्टीलच्या गरम लाइनीत प्रत्येक तुकडा वेगळा धरा. ओल्या गॅसच्या लाइनीत साचलेल्या पाण्यासाठी तळ बघा, आणि इंजेक्शन पॉइंटच्या (जिथे लाइनीत रसायन वगैरे सोडतात त्या जागेच्या) पुढचा भाग सोडू नका.

रीडिंग दर मिनिटाला घेऊ नका. गंज काही मिनिटाला सरकत नाही, बॅटरी मात्र संपते. दिवसातून दोनदा पुरे.

सिग्नल अचानक तुटला तर गेटवे (सेन्सरचे वायरलेस सिग्नल गोळा करणारी पेटी) उघडण्याआधी पाइपपाशी जा. इन्सुलेशनवाल्यांनी पत्रा परत चढवताना अँटेना आत तर दाबला नाही ना?