पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील: आधी दिवस मोजा, मग वकील शोधा

‘हरित लवादात (पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायासनात) जायला सहा महिने असतात’ असं छातीठोक सांगणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. त्याचं ऐकू नका. सहा महिने असतात ते कलम १४ खालच्या, म्हणजे पर्यावरणाच्या इतर वादांसाठीच्या अर्जाला. खाणीला किंवा कारखान्याला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचं, तर राष्ट्रीय हरित लवाद कायदा, २०१० चं कलम १६ लागतं आणि तिथे मुदत फक्त ३० दिवसांची.

अपील कोण करू शकतं? मंजुरीमुळे ज्याला झळ पोचते तो कोणीही, संस्थासुद्धा. सातबारा तुमच्या नावावर हवाच असं नाही.

खरी मेख आहे ती ३० दिवस कुठून मोजायचे यात. माझं पहिलं अपील इथेच आपटलं. मी दिवस मोजले माहिती अधिकारात मंजुरीपत्राची प्रत हातात आली तेव्हापासून. सुनावणीत समोरच्या वकिलाने एका दैनिकाच्या जिल्हा पानाचं कात्रण काढलं. तळहाताएवढी जाहिरात, रद्दीत कधीच गेलेली. त्या तारखेपासून मोजलं तर माझा दिवस ९७ वा. पुरेसं कारण दाखवलं तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ करू शकतो, पण ९१ व्या दिवशी त्याचेही हात बांधलेले असतात. डोंगर, झरे, धूळ, कशावरच कोणी एक शब्द बोललं नाही.

२००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (ईआयए) अधिसूचनेनुसार आणि मंजुरीपत्रातल्या अटींनुसार कंपनीने मंजुरी मिळाल्यापासून ७ दिवसांत किमान दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं, जाहिरात द्यायची असते. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीकडे जायला हवी आणि पर्यावरण मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवरही चढायला हवी. यांतली जी गोष्ट सर्वांत आधी नीट पूर्ण झाली, तिथून घड्याळ सुरू, असं धरूनच चाला. म्हणून जनसुनावणी झाली की दर आठवड्याला परिवेश उघडायचं. प्रकल्पाची छाननी करणाऱ्या तज्ज्ञ समितीच्या बैठकीचं इतिवृत्त मंजुरीपत्राच्या आधी दिसतं. त्यात ‘शिफारस’ हा शब्द दिसला की कागद जमवायला लागा. ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत मंजुरीपत्राची नोंद असलेल्या पानाचा फोटो घ्या. जाहिरातीचं कात्रणही शोधा, कारण मंजुरीपत्र कोणत्या संकेतस्थळावर आहे हे तिच्यात छापलेलं नसेल तर तो तुमच्या बाजूचा मुद्दा ठरतो. माहिती अधिकाराच्या उत्तराची मात्र वाट बघत बसू नका, त्या उत्तरालाच कायद्याने ३० दिवस दिलेत! उशीर झालाच असेल तर माफीचा अर्ज अपिलासोबत जोडा आणि प्रत्येक दिवसाचा हिशेब द्या. ‘गावाला माहीत नव्हतं’ एवढ्यावर भागत नाही.

मुद्दे लिहिताना भाषण नको. जनसुनावणीत कोणता आक्षेप घेतला, कंपनीच्या अंतिम पर्यावरण आघात अहवालात त्याला काय उत्तर दिलं, की दिलंच नाही, हे पान क्रमांकासह लिहा. ‘परिसरात जलस्रोत नाही’ असं अहवालात असेल आणि तिथे गावाची नळयोजनेची विहीर असेल, तर विहिरीचा फोटो आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. दहा पानी तळमळीपेक्षा तो दाखला जड भरतो.

बाकी सोपं. महाराष्ट्र-गोव्यासाठी खंडपीठ पुण्यात. भरपाई मागत नसाल तर शुल्क १,००० रुपये. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं लागतात. स्थगितीचा अर्ज अपिलाच्याच दिवशी द्या, नाहीतर तारखा पडत राहतात आणि पोकलेन चालू राहतो. निकाल विरोधात गेला तर कलम २२ खाली ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालय, तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच.