नागरिकशास्त्र शिकवताना या चुका टाळा

जुलै उजाडला की ठाण्या-नवी मुंबईतल्या शाळांत शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकांचा हंगाम सुरू होतो. मोबाइलचं मतदान यंत्र करायचं, बोटाला मार्करची शाई लावायची, रांगेतल्या पोरांचे फोटो ग्रुपवर टाकायचे आणि उपक्रमाचा अहवाल केंद्रप्रमुखांकडे धाडून मोकळं व्हायचं. नव्या शिक्षकांच्या तासाला मागच्या बाकावर बसून टिपणं काढायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं आहे. दरवर्षी शिक्षक नवे असतात, चुका मात्र त्याच. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा दुखायला लागला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

निवडणूक घ्यायची, अधिकार द्यायचा नाही

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे इथे जरा वेळ लागेल.

ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेतली गोष्ट आहे, नाव सांगत नाही. नववीतला एक मुलगा मुख्यमंत्रिपदाला उभा राहिला. अभ्यासात यथातथा, शर्ट कायम बाहेर, पण सगळ्या तुकड्यांत ओळख. त्याचा जाहीरनामा एका ओळीचा होता: मुलांच्या टॉयलेटच्या दाराला कडी आणि नळाला पाणी. बाकीचे उमेदवार 'शाळेचं नाव उज्ज्वल करू' म्हणत होते. हा पोरगा दणकून निवडून आला.

शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. 'हा? पाहुणे आले की स्वागताला हा उभा राहणार?' दुसऱ्या दिवशी परिपाठात नाव वाचलं गेलं ते दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीचं, 'शिस्त आणि गुणवत्ता लक्षात घेऊन'. ती मुलगी बिचारी इतकी ओशाळली की तिने बिल्ला खिशातच ठेवला. सातवीतल्या एकीने बाईंना सरळ विचारलं, 'मग आमची मतं कशाला घेतली?' उत्तर मिळालं, 'उलट बोलू नकोस.'

पुढच्या वर्षी मुख्यमंत्रिपदासाठी एकच अर्ज आला, तोही बाईंनी मागे लागून भरायला लावलेला. त्याच खोलीत, त्याच खुर्च्यांवर बसून, 'हल्लीच्या मुलांना कशातच रस नाही' हे वाक्य मी ऐकलं. कडी तेव्हाही बसलेली नव्हती. मुलांना रस नव्हता असं नाही. आपल्या मताची किंमत किती, हे त्यांना एका परिपाठात नीट समजलं होतं.

यावर माझा उपाय कुठल्या पुस्तकातला नाही, सवयीचा आहे. निवडणुकीची तारीख जाहीर करण्याआधी मुख्याध्यापकांसोबत बसायचं आणि एका कागदावर लिहून घ्यायचं: निवडून आलेली मुलं नक्की काय ठरवू शकतात. मधल्या सुट्टीत मैदान कोणत्या दिवशी कोणत्या इयत्तेला, वाचनालयाचा दंड किती, गॅदरिंगच्या खर्चातला एखादा छोटा हिस्सा कशावर. चार गोष्टी पुरेत, पण त्या खऱ्या हव्यात. त्यांच्या पलीकडे मुलं मागणी करू शकतात आणि मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा वर्गासमोर येऊन उत्तर द्यायचं. नकार चालेल. खुशाल नकार द्या, पण कारण लिहून द्या. 'पैसे नाहीत, संस्थेकडे मागितले आहेत' हे एक ओळीचं उत्तर सूचनाफलकावर लागलं की पोरं किती समजूतदारपणे वागतात ते बघा.

मुख्याध्यापक एवढंही द्यायला तयार नसतील तर निवडणूक घेऊ नका. मॉनिटर नेमा आणि नेमला म्हणून सांगा, त्यात निदान खोटेपणा नाही.

पुस्तकातली महापालिका शिकवायची, गावातली नाही

सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्था येतात. नगरसेवक, महापौर, आयुक्त यांचा तक्ता फळ्यावर उतरतो, पोरं तो वहीत उतरवतात आणि धडा संपतो. आता नवी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली २०२० मध्ये, ठाण्याची २०२२ मध्ये, आणि त्यानंतर कित्येक वर्षं दोन्हीकडे सरकारने नेमलेले प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात दुसरी-तिसरीतली मुलं सातवी-आठवीत गेली. एका वर्गात एका मुलाने विचारलं, 'दर पाच वर्षांनी निवडणूक असं पुस्तकात आहे, मग आमच्याकडे का नाही झाली?' सरांनी सांगितलं, 'ते पोर्शनमध्ये नाही.' वर्षभरात वर्गातून आलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तो पोर्शनमध्ये बसत नाही! करोना, प्रभागरचना, ओबीसी आरक्षणाचा न्यायालयातला वाद, यातलं सहावीला झेपेल एवढं सांगायला दहा मिनिटं लागतात. ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत संविधानात का घातली, हेही मुलांना अशाच वेळी कळतं.

याच धड्यात शिक्षकच हमखास चुकतात अशा दोन गोष्टी. महापालिकेची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. आणि महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री नव्हे. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमतं. हे चुकीचं शिकवलं की मूल मोठेपणी चुकीच्या माणसावर ओरडतं.

पत्र पाठवलं, फोटो आला, प्रकल्प संपला

उत्साही नवशिक्यांची ही आवडती चूक. मुलांकडून खड्ड्याबद्दल पत्र लिहून घ्यायचं, सगळ्या वर्गाच्या सह्या, पत्र देतानाचा फोटो, स्थानिक पेपरात चौकटीतली बातमी. पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही.

नवी मुंबईतल्या एका शाळेजवळच्या भुयारी मार्गात दिवे नव्हते. क्लासहून येणाऱ्या मुलींना संध्याकाळी तिथून जायला भीती वाटायची. आठवीच्या वर्गाने पत्र लिहिलं, सर पोरांना घेऊन एका कार्यालयात गेले. काही आठवड्यांनी छापील उत्तर आलं: सदर ठिकाण या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. सर म्हणाले, 'जाऊ दे, आपण प्रयत्न केला.' फाइल बंद, प्रकल्पाला श्रेणी 'अ'.

अहो, खरा तास तर त्या कागदापासून सुरू होतो! अखत्यारीत येत नाही तर मग कुणाच्या? हा प्रश्न विचारायला नवी मुंबईसारखं दुसरं शहर नाही. शहर वसवलं सिडको या सरकारी कंपनीने, कारभार महापालिकेचा. टीटीसीचा कारखान्यांचा पट्टा एमआयडीसीचा, सायन-पनवेल महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, रुळांवरची गाडी रेल्वेची. पाणी येतं ते महापालिकेच्या स्वतःच्या मोरबे धरणातून, आणि ते धरण आहे शेजारच्या रायगड जिल्ह्यात. खारघरचं पोर स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतं, पण त्याची महापालिका पनवेलची आणि जिल्हाही रायगड.

त्या शाळेत भूगोलाच्या बाईंनी पुढचं काम हातात घेतलं. शाळेभोवतीच्या परिसराचा मोठा नकाशा काढून घेतला, प्रत्येक कार्यालयाला एक रंग दिला आणि जिथे खात्री नाही तिथे पेन्सिलीने तिरप्या रेघा. पोरं दुकानदारांना विचारून आली, खांबांवरचे क्रमांक उतरवून आली, वायरमनला गाठून आली. भुयारी मार्गाच्या एका तोंडाला एक रंग आणि दुसऱ्या तोंडाला दुसरा, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. मग दोन पत्रं गेली, दोन ठिकाणी. दिवे लागले, सगळे नाही. पत्रामुळे लागले की काम आधीच मंजूर होतं, हे शोधून काढा असं मी मुलांना सांगून आले. बाईंना ते फारसं रुचलं नाही, पण न केलेल्या कामाचं श्रेय घ्यायलाही आपणच शिकवायचं का?

पत्राच्या बाबतीत माझे काही हट्ट आहेत. पत्राच्या दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा. आधी ठाण्यात प्रभाग समितीचं कार्यालय, नवी मुंबईत विभाग कार्यालय, वर नंतर. वर्गात एक तक्ता लावायचा: पत्राची तारीख, कुणाला दिलं, उत्तर काय, पुढे काय करायचं. आणि 'मॅडम, डायरेक्ट आरटीआय टाकू या' म्हणणाऱ्या नव्या शिक्षकांनी जरा दम धरावा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, तो कुठे पळून जात नाही. साधा प्रश्न साध्या पत्राने विचारायला शिका. महिनाभरात काहीच उत्तर आलं नाही की अर्जात नेमकं काय विचारायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. पहिल्याच दिवशी टाकलेल्या अर्जात मी 'खड्डे का पडतात?' असा प्रश्न वाचलाय. त्यावर काय माहिती मिळणार?

चळवळ म्हणजे चिपको, आणि ती लांब कुठेतरी झाली

दहावीला सामाजिक व राजकीय चळवळींचा पाठ आहे. नवी मुंबईच्या शाळांत हा पाठ ऐकताना मला नेहमी आश्चर्य वाटतं. जिथे शाळेची इमारत उभी आहे ती जमीन कुणाची होती, याचा वर्गात उच्चारही होत नाही. सिडकोची स्थापना १९७० ची. भूसंपादनाविरुद्ध उरण-पनवेल-बेलापूर पट्ट्यातले शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना ही त्या लढ्याची देण. त्याच पाटलांचं नाव नवी मुंबईच्या विमानतळाला द्यायचा ठराव विधिमंडळाने केला आणि मुलांना फक्त विमानतळ माहीत आहे.

एका वर्गात मी विचारलं, 'साडेबारा टक्के म्हणजे काय?' इमारतीत राहणारी पोरं गप्प. मागच्या बाकावरचा एक आगरी मुलगा हळूच म्हणाला, 'आमच्या आज्याला मिळालेला प्लॉट.' त्याच्या आज्याला वर्गात बोलवा आणि चार प्रश्न मुलांना आधी तयार करायला सांगा. जमीन गेलेला माणूस, सिडकोच्या घरात सुखाने राहणारा माणूस आणि शेतकरी नसल्याने ज्याला काहीच मिळालं नाही असा एखादा, तिघांचंही ऐकवलंत तर उत्तम. ठाण्याच्या शिक्षकांनी शहापूरकडे बघावं. त्या तालुक्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. यावर वर्ग एकमताचा होणार नाही. तो तसा करू पण नका.

'पालक तक्रार करतील, राजकारण नको' असं मला लगेच सांगितलं जातं. पक्षाचं नाव घेऊन कुणाला मत द्या हे सांगणं चूकच, ते करू नका. पण पाणी कुणाला आणि किती, हा प्रश्न टाळून शिकवायला मग उरतं काय?

किरकोळ, पण रोजच्या

परिपाठात उद्देशिका धडाधड म्हणून घेऊ नका. आठवड्यातून एकदा एकच शब्दसमूह थांबून घ्या, उदाहरणार्थ 'दर्जाची व संधीची समानता', आणि विचारा: आपल्या वर्गात पहिला बाक कुणाला मिळतो?

मूलभूत कर्तव्यांची छडी करू नका. ती संविधानात १९७६ मध्ये आली, हक्क पहिल्या दिवसापासून आहेत. कचरा टाकणाऱ्या पोराला कर्तव्यं सुनावण्याआधी वर्गात कचऱ्याचा डबा आहे का ते बघा.

वादविवाद घेतलात तर शेवटी प्रत्येकाला विरुद्ध बाजूचा सगळ्यात पटलेला मुद्दा लिहायला लावा. नाहीतर मोठ्या आवाजाचाच पोरगा जिंकतो.

संविधान दिनाला, २६ नोव्हेंबरला, चित्रकला स्पर्धा पुरे झाल्या.

आणि परीक्षा. 'विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' हा प्रश्न खरं तर फार चांगला आहे, पण गाईडने तो मारून टाकला. पोरं 'हे विधान चूक आहे' म्हणून पाठ केलेल्या तीन ओळी उतरवतात. माझी सवय अशी की घटक चाचणीत एक विधान गावातलं घालायचं, 'महापौर आयुक्तांची बदली करू शकतात' किंवा 'खारघरचे रहिवासी नवी मुंबई महापालिकेसाठी मतदान करतात' असं काहीतरी, आणि गुण कारणाला द्यायचे. पहिल्या चाचणीत वर्ग आपटतो आणि पालक विचारायला येतात. त्यांच्यापुढेही तोच प्रश्न ठेवा.