कोकणात संशोधन केंद्र चालवताय? या चुका टाळा

सामाजिक शास्त्रांचं संशोधन केंद्र बंद झाल्याचं पत्र कधी निघत नाही. पाटी तशीच राहते, कपाटाची किल्ली शिपायाकडे जाते आणि समन्वयकाचा 'अतिरिक्त कार्यभार' एका विभागप्रमुखाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. किनाऱ्यावरच्या अशाच एका केंद्रात मी बरीच वर्षं काढली, त्यातली काही समन्वयकाच्या खुर्चीत. खालच्या बहुतेक चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

मिळेल तो प्रकल्प घेणं

एका वर्षी शौचालयांचा वापर, पुढच्या वर्षी बचत गट, मग पर्यटन. पैसे येतात, अहवाल जातात. पण या केंद्राला नेमकं काय कळतं, असं कुणी विचारलं की आपण गप्प. दहा वर्षं पुरतील असे एक-दोन प्रश्न धरा आणि येणारा प्रकल्प त्यात बसतो का, ते आधी बघा. कोकणात प्रश्नांचा दुष्काळ नाही. 2001 ते 2011 या दशकात राज्याची लोकसंख्या 16 टक्क्यांनी वाढली, तर रत्नागिरी जिल्ह्याची 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. सिंधुदुर्गातही घटच झाली. पर्ससीनवाले (मोठं घेरणारं जाळं टाकणारे यांत्रिक बोटीवाले) आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद, 1949 च्या कायद्याने खोती (गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची पद्धत) गेल्यानंतर जमिनीचं पुढे काय झालं, हे विषय तर एका माणसाच्या नोकरीत संपणारे नाहीत.

कॅलेंडर आणि प्रश्नावली बाहेरून आणणं

मंजुरीचं पत्र मे-जूनमध्ये हातात पडतं आणि उत्साहात आपण जुलैत फील्डवर निघतो. त्या वेळी शेतकरी लावणीत असतो, तो तुमच्याशी बांधावरून दोन शब्द बोलेल, एवढंच. मच्छीमार वस्तीत मात्र उलट. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असते, माणसं घरी जाळी शिवत बसलेली असतात, गजाली रंगतात. पण अभ्यास खलाशांच्या मजुरीचा असेल, तर ते याच काळात गावी, काही तर थेट नेपाळला गेलेले असतात. हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालू असताना कोळणीला प्रश्नावली भरायला सांगणारा एक सहायक आम्ही पाठवला होता. तिने त्याला जे सुनावलं ते अहवालात घेता आलं नाही.

स्थलांतरावर काम करणाऱ्यांना गणपतीचा मोह पडतो, कारण चाकरमानी घरी असतात. पण गौरी-विसर्जन होईपर्यंत त्यांना उसंत नसते. त्यानंतरचे दोन दिवस पकडा.

बंद घरांची चूक याहून गंभीर. मतदार यादीवरून नमुना काढला की त्यातली कित्येक घरं कुलपात सापडतात. सहायक शेजारचं घर भरून मोकळा होतो, आणि नकळत तुमचा नमुना फक्त मागे राहिलेल्यांचा होतो. कुलूप हीदेखील नोंद आहे. घर केव्हापासून बंद, वर्षातून किती दिवस उघडतं, किल्ली कुणाकडे, हे शेजाऱ्याकडून लिहून घ्या.

'कुटुंबप्रमुख कोण?' या प्रश्नाचंही तसंच. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. उत्तरात नाव येतं मुंबईतल्या नवऱ्याचं. गडी कुणी लावायचे, आंबा कुणाला द्यायचा हे ठरवते ती समोर उभी असलेली बाई. प्रश्न दोन करा: कागदावर कोण, आणि रोज ठरवतं कोण.

दोन हप्त्यांमधली दरी

केंद्रं खरी इथे मरतात. अनुदान हप्त्याने येतं. पुढचा हप्ता मागताना लेखापरीक्षित हिशेब आणि 12-अ नमुन्यातलं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. त्यावरच्या सह्या एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकेपर्यंत चार-पाच महिने सहज जातात. तेवढा काळ प्रकल्प सहायकाला पगार नाही. आमची सर्वांत चांगली सहायक अशाच एका चैत्रात मुंबईला नोकरीला गेली. कुठल्या वाडीत कुणाच्या पडवीत बसलं की माणसं बोलती होतात, हे तिच्या डोक्यात होतं. ते कुठल्याही फायलीत नव्हतं.

त्या वेळी आमचं प्रमाणपत्र परत का आलं, तर खात्यावरचं व्याज आम्ही खर्चात धरलं होतं. केंद्र सरकारच्या अनुदानावरचं व्याज 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार भारताच्या संचित निधीत भरावं लागतं. ते वेगळं काढून ठेवा.

व्हाउचर दर महिन्याला बंद करा, मार्चची वाट पाहू नका. तरीचं (खाडी ओलांडणाऱ्या होडीचं) किंवा सहा आसनी रिक्षाचं बिल मिळत नाही. तारीख, कुठून-कुठे, रक्कम आणि स्वतःची सही असा कागद लेखा विभागाला चालतो का, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्या. दोन प्रकल्प एकाच महिन्यात सुरू करू नका, म्हणजे हप्ते एकदम अडकत नाहीत. संस्थेला मिळणाऱ्या ओव्हरहेडचा (प्रकल्पामागच्या व्यवस्थापन खर्चाच्या रकमेचा) काही भाग केंद्राच्या नावे राहील, हे प्रकल्प स्वीकारण्याआधी ठरवा. नंतर कुणी ऐकत नाही, हा अनुभव.

गावाकडे पाठ

दाभोळ, जैतापूर, नाणार, बारसू इथल्या वीज आणि रिफायनरी प्रकल्पांचे वाद पाहिलेल्या या किनाऱ्यावर हातात कागद घेऊन आलेला माणूस आधी कंपनीचाच वाटतो. ग्रामपंचायतीची परवानगी पुरत नाही, वाडीत बसावं लागतं. मालवणकडच्या एका गावात आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एका आजोबांनी खळ्यातच अडवलं, "मागच्या खेपेक लिवन नेलास, त्याचा काय झाला?" आमचा अहवाल इंग्रजीत दीडशे पानांचा होता, तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. तेव्हापासून दोन पानी मराठी सार छापून गावात जाऊन वाचून दाखवायचं, हा खर्च आम्ही अंदाजपत्रकातच धरायला लागलो. वाचताना लोक चुका काढतात. त्या लिहून घ्या, फुकट तपासणी होते.

माहिती एकाच्या लॅपटॉपवर, कागद खालच्या फळीवर

22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणचं नाव काढलं की वेगळं समजवायला नको. प्रश्नावल्या स्कॅन करा, नावांची यादी वेगळी आणि कुलूपबंद ठेवा, संकेतांची वही (कुठल्या उत्तराला कुठला आकडा दिला ते सांगणारी) दोघांकडे असू द्या. समन्वयक बदलण्याआधी किमान सहा महिने पुढचा माणूस सोबत फिरलेला असावा.

मी कार्यभार सोडला तेव्हा हस्तांतरणाच्या नमुन्यात टेबलं, खुर्च्या आणि प्रिंटर यांचे रकाने होते. भरलेल्या प्रश्नावल्यांसाठी रकानाच नव्हता. तो मी पट्टी लावून पेनाने आखला.