पेरोव्हस्काइट सेल छापायला घेण्याआधी

तीन थरांचा कार्बन सौर सेल छापायचा तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पेरोव्हस्काइट, म्हणजे उजेड शोषणारा शिसंयुक्त पदार्थ, सगळ्यात शेवटी येतो. टायटॅनिया (टायटॅनियमचं ऑक्साइड), झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड) आणि कार्बन यांचे थर काचेवर छापून, भाजून झाले की वरून पेरोव्हस्काइटचं द्रावण सोडायचं; ते कार्बनमधून झिरपत तळापर्यंत जातं. वूहानच्या हान होंगवेई यांच्या गटाने २०१४ साली अशाच सेलमधून १२.८ टक्के कार्यक्षमता मिळवली. सोन्याचा थर नको की निर्वात यंत्रणा नको, म्हणून ही रचना मला फार मोलाची वाटते. पण खालच्या थरात राहिलेली खोट नंतर काढता येत नाही.

एफटीओची काच (जिच्यावर वीज वाहणारा पातळ थर असतो) त्या थरात लेझरने रेघ कापून आली की प्रत्येक तुकड्यावर मल्टिमीटर लावा; रेघेच्या दोन बाजू जोडलेल्या निघाल्या तर ती काच बाजूला काढा. साबण, ॲसिटोन, आयसोप्रोपॅनॉल या क्रमाने धुवा. पेस्टच्या बाटल्या आदल्या रात्रीच रोलरवर फिरत ठेवा.

जिच्यातून पेस्ट काचेवर छापायची ती जाळी उजेडासमोर धरून नीट तपासा. झिर्कोनियाच्या जाळीतली भोकं वाळलेल्या पेस्टने बुजली असतील तर तिथे थर पडत नाही, कार्बन थेट टायटॅनियाला भिडतो आणि सेल वाया जातो. छापलेली काच लगेच भट्टीत घालायची घाई नको. जाळीच्या खुणा विरून पृष्ठभाग सपाट होईपर्यंत ती आडवी राहू द्या. भट्टीचे प्रोग्रॅमही आधीच लावून ठेवा: टायटॅनियाला ५०० अंश सेल्सिअसच्या वर, पुढच्या दोघांना ४००च्या आसपास. कार्बन फार तापवला तर हवेत जळू लागतो.

पेरोव्हस्काइटचं द्रावण करायला लागणारा द्रावक वेळेत मागवा. नेहमीच्या गॅमा-ब्युटिरोलॅक्टोनवर ब्रिटनमध्ये कायद्याचे निर्बंध आहेत. स्वॉन्झी विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याऐवजी गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन वापरून दाखवलं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन.

द्रावण भरून सेल वाळला की काच उलटी करा. खालून रंग सगळीकडे सारखा गडद दिसायला हवा. फिकट डाग म्हणजे तिथे द्रावण पोचलंच नाही. अशा सेलचा फोटो आणि काचेचा क्रमांक वहीत चिकटवा, म्हणजे दोष जाळीचा की कार्बनच्या थराचा हे पुढच्या खेपेला शोधता येतं.

आणि शिसं असलेल्या कचऱ्याचा डबा पहिली बाटली उघडण्याआधीच टेबलाशेजारी हवा. हातमोजे, पुसलेले कागद, पिपेटची टोकं सगळं त्यातच. बेसिनमध्ये काहीही धुवायचं नाही.