बुटका गप्पी पैदाशीला ठेवावा का? या चुका टाळा

परसातल्या सिमेंटच्या टाक्यात गप्पी सोडून सहा महिने झाले आणि मादी अजून अडीच सेंटिमीटरच्या पुढे सरकत नाही. असं झालं की गावात दोनच सल्ले मिळतात. एक म्हणतो, "फेकून दे ना बाप्पा, जातच बुटकी हाये." दुसरा म्हणतो, "लहान तं लहान, पिल्लं देते ना?" दोघंही घाई करतात. मासा का खुजा राहिला हे कळल्याशिवाय त्याची पैदास करायची की नाही हे ठरत नाही.

बांधावरच्या बाभळीखालची तूर आठवा. सावलीत ती कंबरेलाही लागत नाही, पण तिचंच बी मोकळ्या वावरात टाकलं की झाड डोक्याएवढं होतं. दाटीमुळे, घाण पाण्यामुळे किंवा पहिल्या महिन्यातल्या उपासमारीमुळे राहिलेला खुजेपणा असाच असतो, तो पिल्लांत उतरत नाही. "मासा टाक्याएवढाच वाढतो" हे म्हणणंही अर्धवट आहे. वाढ रोखतं ते टाक्यात साचलेलं, न बदललेलं घाण पाणी.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो नराला मादीच्या मापानं मोजण्यात. गप्पीचा नर तीन-साडेतीन सेंटिमीटरचाच असतो. वयात येताना त्याचा पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार होतो, आणि त्यानंतर वाढ जवळपास थांबते. मादी मात्र वाढत राहते, पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जाते. म्हणून लहान नर म्हणजे खोट नाही. खरी गोम वेगळीच आहे. आपण दर वेळी सगळ्यात आधी रंग आलेला नर उचलतो. लवकर वयात आलेला नर लहान अंगाचा राहतो आणि हा गुण बापाकडून मुलांत उतरतो. गप्पीच्या नात्यातल्या प्लॅटी माशात तर वयात येण्याची वेळ ठरवणारं जनुक लिंग-गुणसूत्रावरच सापडलं आहे. चार-पाच पिढ्या असंच केलं तर वाण आपणच बुटका केलेला असतो. उशिरा रंगणारे दोन-तीन नर मुद्दाम राखून ठेवा.

मादीचं गणित सरळ आहे. पोट मोठं तर पिल्लं जास्त. खुज्या मादीला पाच-दहा होतात, भरलेल्या अंगाच्या मादीला तीस-चाळीस सहज, कधी त्याहूनही जास्त. पहिलं वेत मात्र सगळ्यांचंच लहान असतं, त्यावरून निकाल लावू नका. साधारण चार आठवड्यांनी येणारं दुसरं, तिसरं वेत बघा. आणि एका लहान मादीमागे चार नर ठेवले तर ती पळून पळूनच थकते. दोन-तीन माद्यांना एक नर पुरे.

आता टाक्याकडे या. नवं टाकं बांधलं, पाणी भरलं, दुसऱ्या दिवशी मासे सोडले. ही चूक मीही केली आहे. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो, पाण्याचा सामू (पीएच) फार वर चढतो, आणि जी पिल्लं वाचतात ती खुरटतात. दोन-तीन आठवडे पाणी भरून, काढून, पुन्हा भरून टाकं मुरवावं लागतं. आपल्याकडे केळीचं खोड कापून टाकतात, तेही चालतं, पण ते सडल्यावर पाणी पूर्ण उपसायला विसरू नका.

दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि उघडं टाकं चुलीवरच्या भगुण्यासारखं तापतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्यात लोडशेडिंग, म्हणजे हवेचा पंपही बंद. गरम पाण्यात मासा लवकर वयात येतो आणि लहानच राहतो. उलट पौषातल्या थंडीत पाणी १८ अंशांखाली गेलं की तो खाणंच कमी करतो. म्हणून उन्हाळ्यातल्या पिल्लांची दिवाळीच्या पिल्लांशी तुलना करू नका. टाक्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या झाडांचा) मांडव घाला. हिरव्या जाळीपेक्षा मला तोच बरा वाटतो, फुकटही असतो.

अकोला-दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारट आहे तिथे, गप्पी आणि त्याच्या नात्यातला मॉली मजेत राहतात. एंजल मासा मात्र अशा पाण्यात तगला तरी फुलत नाही. तो लहान राहिला तर दोष जातीला देऊ नका.

काही खुजे मासे मात्र पैदाशीला कधीच घेऊ नयेत. पाठ वाकलेली, पोट आत गेलेलं, खाऊनही रोडावणारा, गुदद्वारातून लाल धागे लोंबणारा. लाल धागे म्हणजे जंत. वाकलेली पाठ जनुकीय असू शकते किंवा माशांच्या क्षयाचीही असू शकते. हा क्षय आपल्या हातावरच्या जखमेतून कातडीत शिरतो, म्हणून हाताला कापलं असेल तर टाक्यात हात घालू नका.

शंका उरली तर पिल्लांनाच विचारा. खुज्या मादीची दहा-बारा पिल्लं एका टबात आणि चांगल्या मादीची तेवढीच शेजारच्या तशाच टबात. दोन्हीकडे दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं: आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव), नाहीतर फडक्यातून गाळलेल्या डासांच्या अगदी बारीक अळ्या. दर तीन दिवसांनी पाव पाणी बदला. तीन महिन्यांनी दोन्ही सारखी दिसली तर आईच्या रक्तात खोट नाही.

पण आई कोणाकडून गाभण आहे हे माहीत हवं. तालुक्याहून आणलेल्या सहा माद्यांना मी निवडलेला मोठा नर दिला, आणि पुढची चार वेतं भलत्याच रंगाची निघाली. गप्पीची मादी नराचं बीज कित्येक महिने अंगात साठवते. दुकानातली मादी कुमारी असेल असं समजणं हा माझा भाबडेपणा. आता तीन आठवड्यांतच नर-मादी वेगळे करतो.

निवडीतून उरलेले बुटके नदी-नाल्यात सोडू नका. गप्पी दक्षिण अमेरिकेतला आहे, आपल्या माशांची अंडी-पिल्लं खातो. डासांसाठी आरोग्य खातं ते सोडतं, म्हणून कुठेही सोडण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. आमचे बुटके नर गोठ्याजवळच्या बंद हौदात आहेत. गेल्या पावसाळ्यापासून त्या हौदात डासाची अळी दिसली नाही.